दुसरा मजला, डावीकडचं दार

लेखिकाबाई जिन्याच्या पायथ्याशी पोचल्या तेव्हा त्यांच्या पोटात कावळे ओरडत होते आणि कानात संपादक.

"ताटाचं मी विचारत नाही, तालाचंही विचारत नाही. खेळाचं काय?" फोनमधून संपादक गरजत होते. "या वेळी खेळ जमला नाही, तर सदर माझ्या भाच्याकडे. तो तयारच बसलाय, बूट घालून!"

‘ताट, ताल आणि खेळ’ हे लेखिकाबाईंचं मासिकातलं सदर. दर महिन्याला नवं गाव गाठायचं, एखाद्याच्या घरी जेवायचं, गाणं ऐकायचं, खेळ बघायचा आणि या तिन्हींतून तिथली माणसं कशी आहेत ते सांगायचं. जेवणाबद्दल त्या असं लिहीत की वाचक अंक मिटून स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडत. गाण्याबद्दल लिहिलं की टपालवालासुद्धा गुणगुणत निघे. खेळाचं नाव काढलं मात्र, की लेखणी पाय ओढायला लागे. गेल्या महिन्यात त्यांनी जन्मात पहिल्यांदा फुटबॉलचा सामना पाहिला आणि लिहिलं, ‘काळ्या कपड्यांतला एक माणूस बिचारा सबंध वेळ सगळ्यांच्या मागे धावत होता, पण एकानेही त्याला चेंडू दिला नाही. एकटेपणाचं याहून करुण चित्र मी पाहिलेलं नाही.’ तो माणूस पंच होता. वाचकांची पत्रं पोत्यांनी आली. निम्म्या वाचकांना हसू आवरत नव्हतं आणि उरलेल्यांना राग.

"जमवते," असं म्हणून त्यांनी फोन बंद केला आणि हातातला पत्ता पुन्हा वाचला. ‘मावशींचं घर. दुसरा मजला, डावीकडचं दार.’ मावशींच्या हातच्या जेवणाबद्दल बोलताना माणसं डोळे मिटतात, असं त्यांनी ऐकलं होतं. म्हणून सकाळपासून त्यांनी पोटात चहाशिवाय काही जाऊ दिलं नव्हतं. जेवणानंतर मावशी गाणंही म्हणत. राहिला खेळ. त्याचंही काहीतरी बघते, असं मावशींनी संपादकांना कळवलं होतं.

आता इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी. जमिनीलगतच्या मजल्याला पहिला म्हणायचं की तळमजला, यावर जगात अजून एकमत झालेलं नाही. मावशी त्याला पहिला म्हणत. लेखिकाबाई तळमजला म्हणत. त्यामुळे मावशींच्या दारावरून, फटीतून येणारा खमंग वास छातीभर घेत, त्या आणखी एक जिना चढल्या.

वरच्या घरातले लोक कुणाची वाट पाहत होते हे लेखिकाबाईंना फार उशिरा कळलं, पण आपल्याला आत्ताच कळायला हरकत नाही. तिथे राहायचे शिलाई मशीन दुरुस्त करणारे एक गृहस्थ, त्यांची बायको आणि त्यांची मुलगी चिंगी. नाव चिंगी, पण उंची अशी की दारातून जाताना मान वाकवावी लागे. चिंगी व्हॉलीबॉल खेळायची आणि त्या दिवशी निवड समितीच्या मॅडम तिला बघायला येणार होत्या. मैदानावर कुणीही चांगलं वागतं, खरा खेळाडू घरात कळतो, असं त्या मॅडमचं म्हणणं. तेल आणि साखर यांच्याशी त्यांचं हाडवैर. क्लबच्या चिटणिसांनी बजावून ठेवलं होतं, "त्यांना नावगाव विचारू नका. त्यांची स्तुती करू नका. त्या जे विचारतील त्याला उत्तर द्या. प्रत्येक प्रश्न ही परीक्षा आहे, एवढं लक्षात ठेवा."

लेखिकाबाईंचं बोट घंटीपर्यंत पोचायच्या आत दार उघडलं. आत तिघं एका रांगेत उभे होते, चिंगी तर पायात बूट घालून.

"या मॅडम, या!" मशीनवाले म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "घर सापडलं ना?"

"लगेच. वासावरूनच," लेखिकाबाई हसून म्हणाल्या.

मशीनवाल्यांचा चेहरा पडला. "तो वास खालचा, मॅडम! खालच्या घरी तळण चाललंय. आमच्याकडे तसलं काही नसतं. तेल आम्ही फक्त मशीनला घालतो."

चिंगीला ठसका लागला. आईने तिला कोपराने ढोसलं.

‘अरे वा,’ लेखिकाबाईंच्या मनाने टिपलं, ‘मावशी बाहेर गेलेल्या दिसतात आणि घरातली माणसं विनोदी आहेत.’ आणि त्या टेबलाशी बसल्या.

मग ताट आलं. त्यात उकडलेलं बीट होतं. शेजारी मोड आलेलं कडधान्य होतं, तेही उकडलेलं. अंड्यातला नुसता पांढरा भाग होता, पिवळा कुणी काढून घेतला होता कोण जाणे. आणि पेल्यात दुधी भोपळ्याचा हिरवागार रस. लेखिकाबाईंनी मीठ शोधलं. मीठ नव्हतं.

"हे रोज असतं?" त्यांनी जपून विचारलं.

"रोज!" मशीनवाले म्हणाले.

"सणावारी तरी काही वेगळं?"

मशीनवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. परीक्षा! "सणावारी बिटाचे तुकडे जरा मोठे करतो," ते म्हणाले.

दुसरं कुणी असतं तर उठून गेलं असतं. पण लेखिकाबाई हाडाच्या प्रवासी होत्या. परक्याच्या ताटाला नावं ठेवायची नाहीत, हे त्यांचं व्रत. त्यांनी बिटाचा एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि लोक जे म्हणतात ते हेच असणार असं मनाशी ठरवून टाकलं. दुसरा तुकडा खाताना त्यांना त्यात जमिनीची गोडी लागली. तिसरा खाताना वाटलं, खरंच, या पदार्थाला कुणी आजवर एकटं सोडून पाहिलंच नव्हतं. भुकेपुढे कुठलंही तत्त्वज्ञान सुचतं. त्यांनी ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. ते पाहून मशीनवाल्यांनी बायकोला डोळ्यांनी खूण केली : पहिला पेपर पास.

"आता गाणं," लेखिकाबाई म्हणाल्या.

व्हॉलीबॉलचा आणि गाण्याचा काय संबंध, हे मशीनवाल्यांना कळेना. पण विचारायची सोय नव्हती. त्यांनी घसा खाकरला. त्यांच्या गळ्याने गाण्याशी काडीमोड घेऊन जमाना झाला होता.

"थांबा हो," बायको म्हणाली. या सगळ्या नाटकाचा तिला मघापासूनच कंटाळा आला होता. "मॅडम, खरं सांगू का? आमच्यात गाणं कुणाला येत नाही. पण यांचं मशीन चालतं ना पायानं, त्याच्या तालावर ही लहानपणापासून भिंतीवर चेंडू मारते. आणि मी मोजते. तेच आमचं गाणं."

"दाखवा!" लेखिकाबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

मशीनवाले खिडकीजवळच्या जुन्या मशीनवर बसले आणि त्यांनी पाय हलवला. खडक-खडक-टक, खडक-खडक-टक. चिंगीने कोपऱ्यातला चेंडू घेतला. ‘टक’ला तिचा हात चेंडूवर आणि पुढच्या ‘खडक’ला चेंडू भिंतीवर. "उचल, थांब, मार! उचल, थांब, मार!" आई हातातल्या कालथ्याने दाराच्या चौकटीवर ठेका धरून म्हणू लागली. सुरुवातीला तिघंही अवघडलेले होते. मग बापाचा पाय सुटला, आईचा आवाज चढला, चिंगीचे हात दिसेनासे झाले. भिंत घुमायला लागली, कपाटातल्या बशा नाचायला लागल्या. लेखिकाबाईंच्या अंगावर काटा आला. एवढी गावं पालथी घातली, पण कारागिराचं अवजार, आईचा आवाज आणि मुलीचा चेंडू यांचं एकच गाणं झालेलं त्यांनी कुठे ऐकलं नव्हतं. टेबलावर थाप मारत त्याही ओरडू लागल्या, "उचल, थांब, मार!"

या गदारोळात बाहेर कुणीतरी बराच वेळ दार ठोठावत होतं. ते अर्थातच आत कुणाला ऐकू आलं नाही.

"आणि हा खेळ? हा खेळ कुठे खेळतात?" थांबल्यावर लेखिकाबाईंनी धापा टाकत विचारलं. त्यांचा चेहरा बिटासारखा झाला होता.

मशीनवाल्यांनी मनात म्हटलं, आला महत्त्वाचा पेपर. "गच्चीवर जाळं बांधलंय, मॅडम!"

गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्यांच्या मध्ये जाळं ताणलेलं होतं. चिंगी एका बाजूला गेली. दुसऱ्या बाजूला कुणीच नव्हतं.

"तुम्ही उभ्या राहाल ना समोर?" मशीनवाले अदबीने म्हणाले. "तुमचं ऐकलंय आम्ही. स्वतः चेंडू घेतल्याशिवाय तुम्ही कुणाबद्दल मत देत नाही."

आपली कीर्ती इतकी पसरली आहे हे पाहून लेखिकाबाईंना भरून आलं. आणि खेळाबद्दल लिहायचं तर काठावर बसून कसं चालेल? त्यांनी पदर खोचला, चपला काढल्या आणि जाळ्यापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. तिथून चिंगी फार मोठी दिसत होती.

"जोरात मारू?" चिंगीने विचारलं.

"अगदी मनापासून," लेखिकाबाई म्हणाल्या. व्हॉलीबॉलबद्दल आपल्याला काय माहीत आहे, याची आठवण करायचा त्या प्रयत्न करत होत्या. तोवर चेंडू आला.

तो त्यांना दिसला नाही. दिसलं ते फक्त आकाश, आणि त्यात काही तारे, भर दुपारी. चेंडू त्यांच्या कपाळावर आदळला, उलटा फिरला, जाळ्यावरून गेला, चिंगीच्या लांब हातांवरून गेला आणि कठड्यापलीकडे नाहीसा झाला.

"क्या बात है!" मशीनवाले टाळ्या वाजवत ओरडले. "कपाळावर एवढा दणका घेतला, पण चेहऱ्यावरची रेष हलली नाही! शिक चिंगे, याला म्हणतात खेळाडू!"

लेखिकाबाईंच्या चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती, कारण त्यांना चेहरा कुठे आहे हेच कळत नव्हतं.

इकडे चेंडू खाली दुकानाच्या कापडी छपरावर पडला. छप्पर चांगलं ताणलेलं होतं. त्याने चेंडू पुन्हा वर उडवला आणि तो थेट मावशींच्या गॅलरीतून आत गेला. तिथून बराच वेळ गाण्याचा आवाज येत होता. आधी ‘डुबुक’ असा आवाज झाला आणि मग गाणं थांबलं.

"मेलो!" मशीनवाले म्हणाले, आणि चौघंही जिना उतरून धावत सुटले. लेखिकाबाई अनवाणीच.

मावशींचं दार उघडं होतं. आत टेबलावर जे मांडलेलं होतं ते पाहून लेखिकाबाईंचं कपाळ दुखायचं थांबलं. तळलेली बटाट्याची कापं होती, भरलेली ढोबळी मिरची होती, तुपात न्हालेला भात होता. म्हणजे होता असं म्हणायचं, कारण सगळ्या भांड्यांचे तळ दिसत होते. फक्त खिरीचं पातेलं अजून अर्धं भरलेलं होतं आणि त्यात चेंडू तरंगत होता. टेबलाशी ट्रॅकसूट घातलेल्या, खांद्यांनी खुर्ची झाकून टाकणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या गळ्यात शिट्टी होती, शिट्टीवर खीर होती आणि भुवयांवरही थोडी होती.

"माझी खीर!" मावशी किंचाळल्या.

"हा चेंडू कुणी मारला?" ट्रॅकसूटवाल्या बाईंनी भुवई पुसत विचारलं. आवाज असा होता की चिंगी आपोआप सावधानमध्ये उभी राहिली.

"सर्व्हिस माझी होती," ती म्हणाली. "पण इकडे पाठवला या मॅडमनी. कपाळानं."

"कुठल्या मॅडमनी?"

"या," मशीनवाले छाती फुगवून म्हणाले. "निवड समितीच्या मॅडम आहेत."

"निवड समितीची मी आहे."

मशीनवाल्यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं आणि भिंतीचा आधार घेतला.

"मग मी कोण?" लेखिकाबाईंनी विचारलं. कपाळाला मार लागलेल्या माणसाने असा प्रश्न विचारला की तो थट्टेचा वाटत नाही. चिंगीच्या आईने त्यांना धरून खुर्चीवर बसवलं.

"तुम्ही मासिकातल्या का? जेवण, गाणं आणि खेळ बघणाऱ्या?" मावशी म्हणाल्या आणि कमरेवर हात ठेवून ट्रॅकसूटकडे वळल्या. "मग बाई, तुम्ही माझी तीन वाट्या खीर कशाच्या जोरावर खाल्लीत?"

"तुम्ही मला बोलू दिलंत का?" खऱ्या मॅडम म्हणाल्या. "वरचं दार ठोठावून हात दुखले. आत नुसती खडखड आणि दणदण. खाली विचारायला आले, तर तुम्ही हाताला धरून आत ओढलंत. मी म्हटलं, खेळ बघायला आलेय. तुम्ही म्हणालात, आधी पोट, मग गाणं, खेळ सगळ्यात शेवटी. मी म्हटलं, मुलगी कुठे आहे? तर म्हणालात, तिचं लग्न झालं, ती सासरी गेली!"

"माझी मुलगी विचारलीत, माझ्या मुलीचं सांगितलं. खोटं कशाला बोलू?"

"मी म्हटलं, अहो, आणि तिचा खेळ? तुम्ही म्हणालात, कसला खेळ नि काय, आता तिला जुळी आहेत!" मॅडमचा आवाज जरा हलला. "एवढं नाव ऐकलं होतं पोरीचं. वाया गेली म्हणून मला वाईट वाटलं. वाईट वाटलं म्हणून… खाल्लं."

सगळ्यांचे डोळे रिकाम्या भांड्यांकडे गेले. मॅडमनी हळूच शिट्टी पुसली, उभ्या राहिल्या आणि आवाज पहिल्यासारखा करून म्हणाल्या, "चल पोरी. खाली अंगणात. बघू काय येतं तुला."

खाली अंगणात मॅडमनी भिंतीवर खडूने वर्तुळ काढलं आणि चिंगीला लांब उभं केलं. पहिला चेंडू वर्तुळाच्या वर गेला. दुसरा खाली गेला. तिसरा नळावर बसला आणि खिरीने आधीच चिकट झालेला तो चेंडू चिखलात लोळला. मॅडमनी पाठीवरची पिशवी नीट केली, आणि जायला निघालेला माणूसच पिशवी नीट करतो हे चिंगीला कळत होतं. तिचे डोळे भरून आले. मशीनवाले भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना बघवेना.

गॅलरीतून बघणाऱ्या लेखिकाबाईंना खेळातलं काही कळत नव्हतं. पण कुठे काहीतरी कमी आहे हे त्यांच्या कानांना कळत होतं. वर हीच मुलगी डोळे मिटून मारत होती. कमी होती ती खडखड!

मशीन खाली आणणं शक्य नव्हतं. त्यांनी मावशींच्या टेबलावरचं एक ताट उचललं, डाव उचलला आणि गॅलरीच्या कठड्याशी येऊन सुरू केलं : खडक-खडक-टक, खडक-खडक-टक!

चिंगीने वर पाहिलं. तिच्या आईने तर पाहिलंही नाही, ती सरळ टाळ्या वाजवत ओरडली, "उचल, थांब, मार!" मावशींचा सगळा जन्म तालात गेलेला. त्यांनी दुसरं ताट घेतलं. बापाचा पाय जमिनीवर आपोआप हलायला लागला. चिंगीने चेंडू पुसला, उडवला आणि मारला. वर्तुळात! पुन्हा मारला. वर्तुळात! चेंडू भिंतीवर आणि हातात, भिंतीवर आणि हातात, मध्ये जणू दोरी बांधलेली. शेजारच्या गॅलऱ्यांत माणसं आली, कुणी कठडा बडवायला लागलं, कुणी बादली. लेखिकाबाई इतक्या बेभान होऊन ओरडत होत्या की ताटाला पोचा आला तरी त्यांना पत्ता नव्हता.

मॅडमनी शिट्टी फुंकली. शिट्टीतून आधी खिरीतला एक बेदाणा बाहेर पडला आणि मग आवाज.

"सोमवारी शिबिरात हजर राहायचं," त्या म्हणाल्या. "ताल मनात धरायला शिक. प्रत्येक मैदानावर घरची माणसं ताटं घेऊन येणार नाहीत."

"येऊ की!" मशीनवाले म्हणाले, आणि रडायला लागले.

निघताना मॅडमनी लेखिकाबाईंना जिन्याच्या कोपऱ्यात गाठलं. "तुम्ही लिहिता असं कळलं. सगळं लिहा. फक्त ते… जेवण तेवढं वगळा. मुलींच्या पिशव्यांतली चॉकलेटं मी स्वतः काढून घेते हो. हे कळलं तर उद्या मला कोण घाबरेल?"

लेखिकाबाईंनी वचन दिलं. नसतं दिलं तरी फरक पडला नसता, कारण मावशींच्या ताटातलं लिहायला काही उरलंच नव्हतं. त्या दिवशी त्यांनी पोटात घातलं होतं ते वरच्या घरचं बीट. प्रामाणिक लेखिकेने जे खाल्लं त्याबद्दलच लिहायला हवं. त्यांनी लिहिलं. मीठ नाही, तेल नाही, नुसता कंद आणि त्याची स्वतःची चव, असं काही रंगवलं की मुद्रित तपासणाऱ्याने दुपारी डब्यात बीट आणलं. त्यापुढे मशीनचा ताल, आणि मग खेळ. खेळाची त्यांनी पानंच्या पानं लिहिली. पंचाचा उल्लेख कुठेही केला नाही.

"अहो, काय लिहिलंय!" संपादक फोनवर ओरडले, पण या वेळी आनंदाने. "माझा भाचा वाचून गच्चीवर पळाला आणि भिंतीवर चेंडू मारत बसलाय. आता त्याला खाली कसं आणू?"

अंक बाहेर पडला आणि वाचक त्या गावाला निघाले. पत्ता अंकात छापलेलाच होता. काही दिवसांनी लेखिकाबाईंना चिंगीच्या आईचा फोन आला.

"ताई, हे काय करून ठेवलंत? रोज सकाळपासून दारात रांग असते! सगळ्यांना बीटच हवंय. मीठ पुढे केलं तर रागावतात. म्हणतात, आम्हाला अस्सल पाहिजे."

"मला माफ करा हो," लेखिकाबाई घाईने म्हणाल्या. "मी लगेच खुलासा छापायला सांगते."

"अजिबात छापू नका! चिंगीचे शिबिराचे बूट यातूनच निघाले. आणि हे तर काय, मशीनवर बसून लोकांना ताल शिकवतात. स्वतःला उस्ताद समजायला लागलेत."

"पण मावशी? त्यांच्याबद्दल मी एक ओळसुद्धा लिहिली नाही. रागावल्या असतील."

"त्या कशाला रागावतील? आमच्याकडचं बीट खाऊन माणूस खाली उतरतो तो भुकेनं वेडा झालेला. मावशींचं दार जिन्यातच आहे, आणि त्या तळण करताना ते मुद्दाम उघडं ठेवतात. आमचे हेसुद्धा पाहुण्यांना ‘आलोच’ म्हणून तिकडेच जेवून येतात."

लेखिकाबाईंना हसू आवरेना. "आणि मॅडम? त्यांची काही खबर?"

"त्या नेमानं येतात, चिंगीची प्रगती सांगायला. फार शिस्तीच्या आहेत हो."

"म्हणजे तुमच्याकडे येतात तर!"

"आमच्याकडे कुठल्या?" चिंगीची आई म्हणाली. "गुडघे दुखतात म्हणे त्यांचे. एकच जिना चढवतो."